डावा की उजवा?

रोम, ८ जुलै १९९०. फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना. पश्चिम जर्मनी आणि अर्जेंटिना, गोल कुणाचाच नाही. पंच्याऐंशी मिनिटं होत आलीत. जर्मनीचा रुडी फोलर गोलसमोर पडतो, पंच पेनल्टी देतात आणि अर्जेंटिनाचे खेळाडू त्यांना घेरतात.

खरं तर पेनल्टी मारायची लोथार मॅथॉसने. पण मध्यंतरात त्याला बूट बदलावे लागलेत आणि नव्या बुटांवर त्याचा भरवसा नाही. चेंडू हातात घेतो तो डावा बचावपटू, आंद्रेआस ब्रेमे. समोर अर्जेंटिनाचा गोयकोचिया. या गोलरक्षकाने आधीच्या दोन पेनल्टी शूटआउटमध्ये (बरोबरीनंतर पेनल्टी मारून निकाल लावतात तो) दोन-दोन फटके अडवलेत.

आता ब्रेमेच्या पायांकडे बघा. चार वर्षांपूर्वी मेक्सिकोविरुद्धच्या शूटआउटमध्ये त्याने डाव्या पायाने गोल केला होता. आज तो उजव्याने मारतो. चेंडू जमिनीलगत, खांबाला खेटून आत. गोयकोचियाने दिशा बरोबर ओळखली, अंग ताणून झेपही घेतली. हात पोचला नाही. १-०, जर्मनी जगज्जेता.

हॅम्बुर्गमधल्या बार्मबेक-उलेनहोर्स्ट या छोट्या क्लबात वडीलच ब्रेमेचे प्रशिक्षक होते. पोराचे दोन्ही पाय सारखे चालले पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. पुढे कैझर्सलाउटर्न, बायर्न म्युनिक, मग इंटर मिलान. १९८९ मध्ये इंटरसोबत इटालियन लीगचं विजेतेपद, १९९१ मध्ये युरोपातल्या क्लबांचा युएफा कप. देशासाठी ८६ सामने, आठ गोल. बचावपटूच्या नावावर असे गोल!

२०२४ च्या फेब्रुवारीत, ६३व्या वर्षी तो गेला, तेव्हा जो तो रोमच्या पेनल्टीबद्दल बोलला. साहजिकच आहे. माझ्या मनात मात्र दुसरंच दृश्य आहे.

लेवरकुझेन, मे १९९६. ब्रेमे पुन्हा कैझर्सलाउटर्नमध्ये. मोसमाचा शेवटचा सामना, जिंकला तरच क्लब वरच्या लीगमध्ये टिकणार. एक गोलची आघाडीही मिळालेली. शेवटच्या दहा मिनिटांत बरोबरी होते आणि सगळं संपतं. सामन्यानंतर टीव्हीचे कॅमेरे सुरू असतानाच पस्तिशीतला हा विश्वविजेता हुंदके देऊन रडू लागतो. त्याला कुशीत घेणारा माणूस लेवरकुझेनचा, प्रतिस्पर्धी संघातला. रुडी फोलर. रोमला जो पडल्यामुळे ती पेनल्टी मिळाली, तोच.

ब्रेमेला तिथेच थांबता आलं असतं. घरात विश्वचषकाचं पदक होतं, कुणी बोटही दाखवलं नसतं. तो क्लबसोबत दुसऱ्या लीगमध्ये उतरला. वर्षभरात संघ वर आला. आणि १९९८ मध्ये, प्रशिक्षक ओटो रेहागेल यांच्या हाताखाली, नुकताच वर चढलेला कैझर्सलाउटर्न थेट बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची सर्वात वरची लीग, जिंकला. असं त्याआधी कधी घडलं नव्हतं, त्यानंतरही घडलेलं नाही.

त्या मोसमात ब्रेमे मैदानावर कमीच दिसला. वय सदतीस झालं होतं. विजेतेपदाची ती चांदीची थाळी हातात घेतली आणि त्याने बूट उतरवले. डावा, उजवा, दोन्ही.