मराठी डीटीपीचा जुना कॉम्प्युटर आहे? आधी अख्ख्या डिस्कची इमेज घ्या

नमस्कार मंडळी. आपल्या इंदूरमध्ये रामबाग, नारायणबाग, लोकमान्य नगर या बाजूला मराठी घरं पुष्कळ. त्यांतल्या काही घरांत एक जुना डेस्कटॉप अजून रोज चालू होतो. कुणी काका, कुणी मावशी त्यावर लग्नपत्रिका लावतात, गणेशोत्सवाची स्मरणिका जुळवतात, मंडळाची पत्रकं काढतात, म्हणजेच डीटीपी करतात. पानं जुळवायचं पेजमेकर, कृतिदेव किंवा श्रीलिपीसारखे मराठी फॉन्ट आणि वर्षानुवर्षांच्या फाइली. आजचा व्हिडिओ या कॉम्प्युटरसाठी आहे.

अशा घरी बॅकअपचं विचारलं की उत्तर येतं, "फाइली सगळ्या पेन ड्राइव्हवर आहेत." छान. पण ती स्मरणिकेची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. कृतिदेवसारखे फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-कोडच्या, आधीच्या पद्धतीचे. फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे कोड साठवलेले असतात, फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. फॉन्ट नसला की पानभर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, 7.0, ही 2001 सालची, आणि त्याच्या जागी आलेलं आजचं इनडिझाइन पेजमेकरच्या फाइली उघडतच नाही. म्हणजे फाइल हाताशी आहे आणि वाचता येत नाही. जपायचं आहे ते हे सगळं मिळून: विंडोज, फॉन्ट, कीबोर्डची मांडणी, प्रिंटरचा ड्रायव्हर, जसं आज चालतंय तसं. ते एकत्र फक्त अख्ख्या डिस्कच्या बॅकअपमध्येच येतं.

त्याचे दोन प्रकार. क्लोन म्हणजे एका डिस्कची हुबेहूब दुसरी डिस्क, काढून लावली की चालू. इमेज म्हणजे तीच डिस्क एका फोल्डरमध्ये, दाबून लहान केलेली. एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर तुम्ही वेगवेगळ्या तारखांच्या तीन-चार इमेज ठेवू शकता. हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, बसवायची असेल तेव्हा क्लोन. जपणूक म्हणून इमेज. माझा आग्रह इमेजचा आहे, कारण क्लोनमध्ये एकच दिवस साठतो. बिघाड आधीच शिरलेला असला तर तोही क्लोनमध्ये जातो, आणि मागचा चांगला दिवस हाती राहत नाही.

सॉफ्टवेअर कोणतं? क्लोनझिला फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, वर्षानुवर्षं कसाला लागलेलं आहे. पण त्याचा पडदा निळा-करडा, सगळं कीबोर्डवर, आणि नवख्या माणसाला धडकी भरवणारा. त्याऐवजी रेस्क्यूझिला घ्या. तेही फुकट, माउसने चालतं, आणि क्लोनझिलाने घेतलेल्या इमेजही उघडतं. दोन्ही पेन ड्राइव्हवरून सुरू होतात, म्हणजे तुमचं विंडोज त्या वेळी झोपलेलं असतं आणि एकही फाइल मध्येच बदलत नाही.

(स्क्रीनवर बूट मेन्यू)

सुरू करायच्या आधी एक गोष्ट, बरेच जण इथेच अडकतात. विंडोज 10 आणि 11 मध्ये शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट गोठून राहतं. मग इमेज घेताना एरर येते. शिफ्ट दाबून धरा आणि मग शटडाउनवर क्लिक करा. आता मशीन खरंच बंद होतं. लॅपटॉप असेल तर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू आहे का बघा. असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की आधी छापून घ्या आणि ती डिस्कपासून वेगळी ठेवा.

मग रेस्क्यूझिलाचा पेन ड्राइव्ह आणि एक्स्टर्नल डिस्क लावून मशीन सुरू करा. बहुतेक मशीनवर एफ 12, एफ 9 किंवा एस्केप दाबलं की बूट मेन्यू, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं त्याची यादी, येतो; तिथे पेन ड्राइव्ह निवडा. रेस्क्यूझिलामध्ये बॅकअप निवडा. पहिला प्रश्न येतो, कोणती डिस्क? इथे घाई नको. डिस्कचं मॉडेल आणि आकार दोन्ही वाचा. 500 जीबीची डिस्क विंडोजमध्ये 465 दिसते, त्याने गोंधळू नका, कंपनी आणि विंडोज वेगवेगळ्या पद्धतीने मोजतात. पुढच्या पानावर 100 एमबीची एक लहानशी पार्टिशन, म्हणजे डिस्कचा कप्पा, दिसेल. तिची खूण काढू नका. मशीन सुरू होण्याचं सामान तिच्यातच असतं.

वेळ किती लागेल? पूर्ण डिस्क मोठी असली तरी इमेजमध्ये वापरलेली जागाच जाते. समजा 150 जीबी भरलेली आहे. जुन्या यूएसबी 2.0 पोर्टमधून सेकंदाला 35 एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे सव्वा तास. मागच्या बाजूला निळा, म्हणजे यूएसबी 3.0 चा, पोर्ट असेल तर एक्स्टर्नल डिस्क त्यात लावा, साधी एक्स्टर्नल हार्ड डिस्क असली तरी काम अर्ध्या तासाच्या आत उरकतं.

विजेचं सांगायलाच हवं. जूनमध्ये वळवाचं वादळ आलं की आपल्याकडे लाइट जाते, आणि घरचा यूपीएस डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं कसाबसा ओढतो. इमेज घेताना लाइट गेली तर नुकसान फारसं नाही. मूळ डिस्क फक्त वाचली जात असते, अर्धवट इमेज पुसून पुन्हा सुरू करायची. पण इमेज परत डिस्कवर उतरवताना लाइट गेली तर ती डिस्क अर्धी लिहिलेली राहते. तेव्हा रिस्टोअर करायचं ते आभाळ बघून.

आता जे बहुतेक जण करत नाहीत आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, ते. इमेज तपासा. रेस्क्यूझिलात व्हेरिफाय आहे, ते चालवा. इमेज एक्सप्लोररमधून एखादी फाइल बाहेर काढून पाहा. एवढ्याने निम्मी खात्री होते. पूर्ण खात्री हवी तर एक स्वस्त एसएसडी आणा. सिल्व्हर मॉलमध्ये चौकशी केली तर पर्याय भरपूर आहेत. जुनी डिस्क मशीनमधून काढून बाजूला ठेवा, एसएसडीवर इमेज उतरवा आणि सुरू करा. दहा वर्षांपूर्वीची स्मरणिका उघडा. जोडाक्षरं बघा, रफार जागेवर आहे का बघा, एक पान प्रिंट काढा. तेवढं जमलं तर तो बॅकअप खरा.

एसएसडी घेताना मात्र एक फसगत होते. 500 जीबीच्या हार्ड डिस्कसाठी लोक 480 जीबीची एसएसडी आणतात. आतला डेटा फक्त 150 जीबी असला तरी इमेज उतरत नाही, कारण नवी डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी लागते. 512 घ्या, प्रश्न मिटला. आणि उतरवून झाल्यावर जुनी-नवी दोन्ही एकदम जोडून विंडोज सुरू करू नका. दोघींची ओळख एकच असते, विंडोज त्यातली एक ऑफलाइन टाकतं.

काही सॉफ्टवेअरचं लायसन्स यूएसबी डोंगलवर, म्हणजे पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या किल्लीवर, असतं. डोंगल इमेजमध्ये येत नाही, त्याला सांभाळा. तसंच, अगदी वेगळ्या मदरबोर्डवर जुनं विंडोज 7 नेलं तर ते ड्रायव्हरअभावी अडू शकतं. अशा वेळी तीच इमेज व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये उतरवून नव्या कॉम्प्युटरच्या आत जुना कॉम्प्युटर चालवता येतो. फक्त त्याला इंटरनेट देऊ नका. विंडोज 7 ला 14 जानेवारी 2020 पासून सुरक्षा अपडेट नाहीत, आणि विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. आता घरोघरी विंडोज 11 ची गडबड चालू आहे. अपग्रेडच्या आदल्या दिवशी इमेज घ्या, काही बिनसलं तर परतायला वाट राहते.

डिस्कमधून खटखट आवाज येत असेल किंवा डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळी खूण दाखवत असेल, तर इमेजच्या मागे लागू नका. आधी मोलाच्या फाइली काढा, उरलेलं नंतर.

काम झालं की एक्स्टर्नल डिस्क मशीनपासून काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस, तिच्यावरच्या इमेजही कुलूपबंद करतो. शक्य असेल तर दुसरी प्रत देवासला मावशीकडे किंवा उज्जैनला काकांकडे ठेवा. इमेजच्या नावात तारीख लिहा, आणि बूटचा पेन ड्राइव्ह, बूट मेन्यूची की कोणती ते लिहिलेली चिठ्ठी, दोन्ही त्याच डब्यात टाका. हा बूटचा पेन ड्राइव्ह रूफस या सॉफ्टवेअरने कसा बनवायचा ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो. तुमच्या घरी कोणतं जुनं मराठी सॉफ्टवेअर चालू आहे ते खाली लिहा, त्याचं लायसन्स कसं जपायचं तेही त्यात घेतो.