हसवणाऱ्याचं किती ऐकायचं?

(कॅफेचा जिना, वरून येणारा हशा)

सोलापुरातला ओपन माईक, जिथं नवखी पोरं स्टँडअप कॉमेडी करून बघतात, तो म्हणजे हे एवढंच. सात रस्त्याजवळचा कॅफे, वरचा मजला, प्लास्टिकच्या खुर्च्या, मधेच खरखरणारा एक माईक. समोर बसलेली पोरं बरीचशी इंजिनिअरिंगची, काही पूर्व भागातनं, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतनं आलेली, ज्यांच्या घराशेजारी आत्ता या वेळेला लूम, म्हणजे यंत्रमाग, धडधडत असतील. एका वाक्यात मराठी सुरू होतं, मधे तेलुगू येतं, शेवट हिंदीत होतो आणि पंच, म्हणजे हशाची ओळ, सगळ्यांना कळतो.

आता माईकवर जो येतोय त्याचा चेहरा दिसणार नाही, तसं त्याच्याशी आधीच ठरलंय. वीस-पंचवीस लोकांसमोर बोलणं वेगळं आणि तोच व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणं वेगळं, असं त्याचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे. म्हणून कॅमेरा त्याच्या हातांवर राहील, आणि त्याच्या जोकांच्या या वहीवर.

तो स्वतःच्या दारूवर बोलतो. दारूवर, आणि ती सुटल्यावर जो काळोख आला त्यावर. लोक पोट धरून हसतात. आणि शो संपल्यावर जिन्यात, हे बघा, दोन पोरं त्याला थांबवून हळू आवाजात काहीतरी विचारतायत. असं जवळजवळ दर वेळी होतं. प्रश्न एकच असतो, तू कशी सोडलीस, मी काय करू.

हा प्रश्न कॉमेडीवाल्याला विचारावा का? आमचं मत आधीच सांगून टाकतो. त्याचं ऐकावं, जरूर ऐकावं, पण तो कशाबद्दल बोलतोय ते बघून ऐकावं.

(वही, जवळून. खोडलेल्या ओळी)

ही वही नीट बघा, कारण सगळं इथंच आहे. डाव्या पानावर खरं काय झालं ते लिहिलंय. सरकारी दवाखान्यातली मानसोपचाराची ओपीडी, केस पेपरची लाईन, लाईनीत शेजारचे काका दिसले म्हणून तोंड फिरवून परत घरी. मग दुसऱ्यांदा गेला. डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या, परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात हे सांगितलं, यानं आठवड्यातच बंद केल्या कारण काहीच वाटत नव्हतं. परत प्यायला. परत लाईन. हे सगळं डाव्या पानावर, बारीक अक्षरात, पान भरून.

उजव्या पानावर सेट, म्हणजे माईकवर बोलायचं ते. तिथं एवढंच आहे की आईनं शपथ घातली, मी बाटली फेकली, ती नेमकी मालकाच्या गाडीवर पडली. टाळ्या.

यात कुणी खोटं बोलायला बसलेलं नसतं हे लक्षात घ्या. स्टँडअपचं कामच तसं आहे. आधी सेटअप, म्हणजे लोकांना एका दिशेला न्यायचं, मग पंच, म्हणजे दिशा मोडायची, मग टॅग, म्हणजे त्याच हशावर अजून एक छोटा हशा. सेटअप लांबला की हॉल थंड पडतो. प्रत्येक ओपन माईकला कॉमिक, म्हणजे कॉमेडीवाला, बघतो कुठं हसले, कुठं खोकले, कुणी मोबाईल काढला, आणि जिथं मोबाईल निघाला ती ओळ घरी जाऊन खोडतो. ओपीडीची लाईन खोडली गेली कारण तिथं कुणी हसलं नाही. गोळ्या खोडल्या गेल्या. परत प्यायला हे तर पहिल्याच वेळी खोडलं गेलं, कारण तिथं हॉल शांत झाला आणि तो शांतपणा त्याला झेपला नाही. असं महिनोन्‌महिने घासत घासत जे उरतं ते सुरेख असतं, घट्ट असतं, पण त्यातनं उपचार नेमका गळालेला असतो.

आणि हे गळणं जिवावर येऊ शकतं, रोज भरपूर पिणाऱ्यानं डॉक्टरशिवाय एका दिवसात दारू तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, माणूस दगावू शकतो.

(पंढरपूर, धर्मशाळेचं दार)

हसवत हसवत दारूवर बोलणं सोलापूर जिल्ह्याला नवं नाही. पंढरपुरात गाडगेबाबांनी उभी केलेली धर्मशाळा आहे, आपण तिथं उभे आहोत. बाबा कीर्तनाला उभे राहायचे ते डोक्यावर गाडगं, अंगावर चिंध्या, आणि भाषा वऱ्हाडी. प्रश्न विचारायचे, लोकांकडनं उत्तर वदवून घ्यायचे, लोक हसत हसत स्वतःच्याच उत्तरात अडकायचे. कर्ज काढून सण करू नका, कोंबडं-बकरं कापू नका, दारू पिऊ नका. शेवटी गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला. १८७६ ला जन्मले, १९५६ ला गेले, आणि त्यांच्यासारखं हसवत हसवत दारूवर बोलणारा माणूस महाराष्ट्रानं पुन्हा फारसा बघितला नाही.

पण लोक त्यांचं ऐकायचे ते का? त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. शेती गेली, आईला लेकराला घेऊन माहेरी राहावं लागलं. म्हणजे बाबा दारूबद्दल बोलायचे ते घरात बघितलेलं बोलायचे. साक्षीदार होते ते. आणि साक्षीदारानं जेवढं बोलायचं तेवढंच ते बोलले, दारूनं घर कसं जातं हे सांगितलं, औषधाची पुडी कधी वाटली नाही.

विदेशात याच्या उलट झालेलं दिसतं. ब्रिटनचा कॉमेडियन रसेल ब्रँड, पूर्वी हेरॉइनच्या आहारी गेलेला, २०१२ मध्ये तिथल्या संसदेच्या समितीपुढं ड्रग्जवर बोलायला गेला. व्यसन हा आजार आहे, गुन्हा म्हणून बघू नका, हे तो म्हणाला ते मोलाचं होतं. पण स्वतः तो पूर्ण बंद करून सुटला, म्हणून सगळ्यांसाठी तोच रस्ता असा त्याचा आग्रह राहिला, आणि मेथाडोनसारख्या पर्यायी औषधावर वर्षानुवर्षं ठेवण्याला त्याचा विरोध. आता त्याच औषधांनी, मेथाडोन म्हणा बुप्रेनॉर्फिन म्हणा, हेरॉइनवाल्यांचे मृत्यू कमी होतात हे डॉक्टरी अभ्यासात वारंवार दिसलंय. त्याचा अनुभव शंभर टक्के खरा होता, पण त्यावरनं काढलेला सल्ला सगळ्यांना लागू नव्हता. आमचा मुद्दा आहे तो एवढाच.

बघणाऱ्यांचंही चुकतं. हॉलिवूडचा विनोदी नट रॉबिन विल्यम्स २०१४ मध्ये गेला तेव्हा जगभर हेच लिहून आलं की हसवणारा आतून डिप्रेशननं पोखरला होता. नंतर शवविच्छेदनात लेवी बॉडी नावाचा मेंदूचा आजार निघाला, जो जिवंतपणी ओळखलाच गेला नव्हता. तरी अजून लोक जुनीच गोष्ट सांगतात, कारण रडणारा विदूषक ही गोष्ट आपल्याला फार आवडते.

(पुणे रोड, चिंचोळी एमआयडीसीची पाटी)

आता हा रस्ता. सोलापूरजवळची चिंचोळी एमआयडीसी. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी इथल्या एका औषध कंपनीतनं टनावारी इफेड्रिन, ज्यापासून नशेचे पदार्थ बनवतात ते, पकडलं, देशभर बातमी झाली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी इथंच एमडीचा कारखाना उघडकीला आणला. एमडी म्हणजे मेफेड्रोन हा नशेचा पदार्थ, २०१५ पासून एनडीपीएस या अमली पदार्थांविरोधी कायद्याखाली बंद. शूट बाहेरूनच केलंय, आत जायचा प्रश्न नव्हता.

हे दाखवायचं कारण असं की पुण्या-मुंबईचे कॉमिक सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात येतात, गांजावर जोक मारतात, हॉल हसतो, आणि गांजा, एमडी, सगळं एकाच मस्तीचं नाव होऊन बसतं. माझा थेरपिस्ट मला म्हणाला, असा पण जोक असतो, दर आठवड्याला थेरपिस्टकडं जाणं ज्याला परवडतं त्याचा. टॉवेलच्या कारखान्यात बारा तास उभ्या असणाऱ्या माणसाला त्यातलं काय घ्यायचं? म्हणून आमच्या दृष्टीनं गावातला पोरगा जास्त विश्वासाचा, तो ज्या लाईनीत उभा होता ती लाईन बघणाऱ्याच्याही ओळखीची आहे.

आणि मोठ्या नावांचा उपयोग नाही असंही नाही. कपिल शर्मानं स्वतःचं डिप्रेशन आणि दारू याबद्दल जाहीर सांगितल्यावर कितीतरी घरांत तो विषय पहिल्यांदा निघाला असेल. ते छोटं काम नाही. निमहान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेनं केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं की आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारापर्यंत पोचतच नाहीत. जिथं इतकी माणसं दारातच अडलेली आहेत तिथं दार दाखवणारा कुणीही चालेल, हसवणारा तर हवाच.

आणि दार कसं दाखवायचं हे आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या विनोदी लेखकानं चाळीस वर्षांपूर्वी करून ठेवलंय. अनिल अवचटांनी पुण्यातल्या गर्दवर, म्हणजे ब्राऊन शुगरवर लिहिलं, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. पु.लं.ना एक खळखळून हसवणारं भाषण सहज देता आलं असतं, हॉल भरला असता. त्यांनी पैसे दिले. त्यातनं १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं आणि ते चालवलं कुणी, तर डॉ. सुनंदा अवचट यांनी, ज्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या. महाराष्ट्र ज्यांच्या एका वाक्यावर हसायचा त्यांनी उपचाराचं काम डॉक्टरच्या हातात दिलं. आम्हाला हे फार मोठं वाटतं.

(पुन्हा वही. पेनचा आवाज)

आता या पानावर बघा. खोडलेल्या दोन ओळी त्यानं परत लिहिल्यात. एक केस पेपरच्या लाईनीची, एक परत प्यायल्याची. गेल्या शोला त्या म्हटल्या तेव्हा हशा आला नाही, एक खुर्ची सरकल्याचा आवाज तेवढा आला. तरी ठेवल्यात. आणि शेवटी बाटलीचा जोक झाल्यावर तो दोन नंबर सांगतो. १४४१६, टेली मानस, सरकारी, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि १४४४६, व्यसनासाठी. जिन्यात थांबवणाऱ्या पोरांनाही आता तो कशी सोडली ते सांगत बसत नाही, ओपीडीचा वार सांगतो आणि लागलं तर सोबत येतो म्हणतो.

पुढं त्याला हाच सेट तेलुगूत करायचाय, पूर्व भागात, पाळी सुटायच्या वेळेला, लूमवाल्यांसाठी. सेट तयार आहे, जागा मिळत नाहीये. कुणाकडं हॉल असेल, मंगल कार्यालयाची गच्ची असेल तरी चालेल, तर कळवा.