'डी'च्या खालची अक्षरं

(दृश्य: गिअरच्या दांड्याशेजारची अक्षरं, अगदी जवळून.)

पी (पार्क), आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी (ड्राइव्ह). ऑटोमॅटिक गाडी चालवणाऱ्या बहुतेकांचं काम या चार अक्षरांत भागतं. त्याखालच्या एल (लो, म्हणजे खालचा गिअर), एस (स्पोर्ट), एम (मॅन्युअल, म्हणजे गिअर आपण बदलायचा) किंवा २ (दुसऱ्या गिअरच्या वर न जाणारा) यांच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. खरं तर घाट उतरताना सगळ्यात मोठा आधार त्यांचाच असतो.

जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्स दिला आणि क्लचचं पेडल गेलं. तेव्हाच्या काही गाड्यांत रिव्हर्स अगदी तळाला, एलला लागूनच असायचा. दांडा एक घर चुकला की गाडी भलत्याच दिशेला! पुढे अमेरिकेत नियमच झाला: पुढच्या आणि मागच्या गिअरच्या मध्ये न्यूट्रल हवाच.

(दृश्य: घाटातली वळणं. गाडी उतरते आहे.)

डीमध्ये गिअरबॉक्स मुख्यतः दोन गोष्टी बघतो: गाडीचा वेग, आणि अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे. उतारावर आपण पाय काढून घेतो. इंजिनवर भार नाही असं समजून गिअरबॉक्स वरचा गिअर टाकतो. काही नव्या गाड्या उतार ओळखून स्वतःच खालचा गिअर धरतात, पण सगळ्या नाही. वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा रोध चाकांपर्यंत फारसा पोहोचत नाही, मग सगळा भार ब्रेकवर येतो.

सतत दाबलेला ब्रेक तापतो. पॅडची पकड कमी होते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळू शकतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकायला हवं, पण ते हवेतली ओल शोषतं. ओल धरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, पेडल मऊ पडतं आणि पाय खाली जातो तरी गाडी थांबत नाही.

म्हणून उतार सुरू होण्याआधीच एल, २ किंवा एम. एममध्ये एकेक गिअर खाली या. इंजिनाचा आवाज चढेल. नवखा माणूस इथेच घाबरून परत डीवर जातो. घाबरू नका! इंजिनाचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा लाल पट्ट्याच्या खाली आहे तोवर इंजिन सुखरूप आहे, आणि तोच आवाज गाडी आवरली जात असल्याची खूण आहे. ब्रेक मग अधूनमधून, ठामपणे दाबायचा आणि सोडायचा.

पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकणं तर मनातूनच काढून टाका. फ्युएल इंजेक्शनचं इंजिन गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंधन बहुधा बंदच करतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच, आणि गाडीला आवरणारा रोधही जातो.

एस मोड गिअर उशिरा बदलतो. चढावर, ओव्हरटेक करताना कामाचा. इंधन जास्त पितो. अनेक हायब्रिड गाड्यांत एलऐवजी बी असतं, तेही लांब उतारासाठीच.

(दृश्य: चढावर उभी गाडी.)

आता पी. पी टाकल्यावर गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकात एक छोटा खटका अडकतो. उतारावर नुसतं पी टाकून पाय काढला, तर अख्ख्या गाडीचं वजन त्या खटक्यावर. म्हणून ब्रेक दाबून एन टाका, हँडब्रेक ओढा, मग पाय हळूच सैल करून गाडी हँडब्रेकवर टेकू द्या. पुन्हा ब्रेक दाबा आणि आता पी. असं केलं की निघताना दांडा अलगद सुटतो. दांडा अडतो किंवा 'खाड्' असा आवाज येतो, तो खटक्यावर तटून राहिलेल्या वजनामुळे.