उन्हाळ्यात ट्रे हलका का भरतो?

श्रोतेहो, नमस्कार. सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तशी लेअर पोल्ट्रीवाल्यांची, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्यांची, एक तक्रार ठरलेली: ‘‘पक्षी अंडी देतायत, पण अंडं बारीक पडतंय.’’ दोष बहुतेकदा पक्ष्याचा नसतो, गव्हाणीतल्या हिशेबाचा असतो.

पाणी सोडलं तर अंड्याचा पांढरा बलक म्हणजे जवळपास सगळी प्रथिनंच. ती अमायनो आम्लांपासून बनतात. मका आणि सोयाबीन पेंडीच्या खाद्यात सगळ्यांत आधी तुटवडा पडतो तो मिथिओनिन या अमायनो आम्लाचा. ते कमी पडलं की बाकीची प्रथिनं असून नसल्यासारखी. त्यांतला नायट्रोजन विष्ठेतून बाहेर जातो आणि शेडमध्ये अमोनियाचा वास वाढतो. म्हणून नुसती पेंड वाढवणं हा महागडा आणि उन्हाळ्यात तर उलटा उपाय, कारण जादा प्रथिनं पचवताना कोंबडीच्या अंगात उष्णता वाढते.

आता हिशेब बघा. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला साधारण 420 मिलिग्रॅम मिथिओनिन लागतं. थंडीत ती 110 ग्रॅम खाद्य खाते, तेव्हा किलोला 3.8 ग्रॅम पुरतं. मे महिन्यात उन्हानं खाणं घटून तीच 90 ग्रॅमवर आली, तर किलोला 4.7 ग्रॅम हवं. म्हणजे टनामागे सुमारे 900 ग्रॅम जादा. एवढीशी पूड थेट मिक्सरमध्ये ओतू नका, ती एका कोपऱ्यात बसते. आधी दोन किलो मक्याच्या भरड्यात कालवा, मग वीस किलोत, आणि मगच सगळ्या मालात.

पेंड बदलताना लायसिन या दुसऱ्या अमायनो आम्लाकडे लक्ष हवं. सोयाबीन पेंड कमी करून सूर्यफुलाची वाढवली, तर मिथिओनिन निभावतं, लायसिन तुटतं. सोयाबीन पेंड जास्त भाजून तपकिरी झालेली असेल, तर कागदावर प्रथिनं पूर्ण दिसतात, पण त्यातलं लायसिन पक्ष्याला पुरतं लागू पडत नाही.

आणि हो, मिथिओनिन वाढवून आतला पिवळा बलक गडद होत नाही! मक्याच्या जागी ज्वारी भरली, तर बलक फिका पडणारच. तो रंग पिवळ्या मक्यातून येतो.

अंदाजावर चालू नका. आठवड्यातून एकदा, ठरल्या वाराला, एकाच शेडमधली तीस अंडी ट्रेसकट तोला आणि रिकाम्या ट्रेचं वजन वजा करा. 58 ग्रॅमच्या हिशेबानं 1 किलो 740 ग्रॅम भरायला हवं. 60 ग्रॅम कमी आलं, तर प्रत्येक अंडं दोन ग्रॅमनं घटलंय. त्याच दिवशी गव्हाणीत टाकलेलं आणि उरलेलं खाद्यही तोला.

साठ आठवडे वयापुढच्या कळपाचं गणित मात्र उलटं. तिथं अंडं मोठं होत जातं, पण कवचाला मिळणारं कॅल्शियम दोन ग्रॅमच्या आसपासच राहतं. तेवढंच कवच मोठ्या अंड्यावर ताणलं जातं आणि तडकतं. अशा वेळी मिथिओनिन थोडं थोडं उतरवा, एकदम तोडू नका, आणि शिंपल्याचा जाड चुरा संध्याकाळच्या खाद्यात द्या. कवच रात्रीच चढतं.