सतरंजी आणि ट्रेडमिल

इथं येण्याआधी संयोजकांना मी एकच विनंती केली होती: मंचावर सतरंजी अंथरा. माझ्यासाठी नाही, आज तुमच्याबरोबर आलेल्या चारपायी मंडळींसाठी. गुळगुळीत फरशीवर कुत्र्याला उठताना नखं रोवायला जागाच मिळत नाही. मागचे पाय फाकतात, तो पुन्हा बसतो आणि आपण म्हणतो, ‘म्हातारा झाला, आळशी झाला.’ आळशी नाही हो, घसरण्याची धास्ती घेतलीय त्यानं.

पाय गेलेल्या, सांधे दुखणाऱ्या कुत्र्यांना पुन्हा चालतं करणं हे माझं काम. माझ्याकडे बरेच जण येतात ते पाण्यातल्या ट्रेडमिलचं ऐकून, म्हणजे पाण्याच्या टाकीतल्या सरकत्या पट्ट्याचं, ज्यावर कुत्र्याला चालवतात. यंत्र चांगलंच आहे. पाणी खुब्यापर्यंत भरलं की पायांवर वजनाच्या साधारण 38 टक्केच भार येतो. गुडघ्यापर्यंत भरलं तर 85 टक्के. पण पाण्यात आठवड्यातून दोनदा, अर्धा तास. बाकीचा आठवडा तुमच्या हॉलमध्ये जातो, त्याचं काय?

एक डॅशहंड आठवतो, लांब अंगाचा, आखूड पायांचा कुत्रा. या जातीत मणक्यांमधल्या चकत्या लहान वयातच कडक होतात. याची एक सरकली, मज्जारज्जू दाबला गेला आणि मागचे दोन्ही पाय लुळे पडले. बोट चिमटलं की पाय आखडायचा, त्यावर घरचे खूश: ‘बघा, कळतंय त्याला!’ पाय आखडणं ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया. दुखल्याची बातमी मेंदूपर्यंत गेली का, ते तोंडाकडे बघून कळतं. त्यानं मान वळवून माझ्याकडे रागानं पाहिलं, तेव्हा कुठं मला हायसं वाटलं.

शस्त्रक्रिया झाली, आणि घरी आजींनी ताबा घेतला. मी सांध्यांची हालचाल शिकवायला लागले, तर म्हणाल्या, ‘अगं, निम्म्या आळीची बाळं चोळलीत मी.’ हात खरोखरच तयार होता. तेल नको आणि सांधा वळेल तेवढाच वळवा, एवढंच सांगावं लागलं. पोटाखालून जुन्या पंचाची झोळी घालून त्या त्याला अंगणात फिरवायच्या. पुढं विटांवर झाडूची दांडी आडवी ठेवली. ती ओलांडताना पाय कुठं टाकायचा याचं भान ठेवावं लागतं, आम्हाला तेच हवं असतं. मूत्राशय दाबून लघवी काढायचं काम नातवाकडे. पहिल्या दिवशी त्यानं तीन शर्ट बदलले. सातव्या आठवड्यात तो डॅशहंड दांडी ओलांडून आजींच्या ताटापर्यंत पोचला.

ताटावरून आठवलं. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर लक्ष ठेवलं होतं. त्यांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं. कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि सांधेही उशिरा दुखायला लागले. तेव्हा तुपाची पोळी बंद. आणि दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली गोळी देऊ नका. मांजराला तर पॅरासिटामॉल म्हणजे विषच.

बरं, दुसऱ्या रांगेतल्या त्या लॅब्रॅडॉरला वर आणा. नाही नाही, उचलू नका. चालत येऊ दे, मला त्याची चाल बघायचीय.