पिस्तूलवाले फिरून फिरून त्याच गोळीकडे का येतात?

[टेबलावर दहा रुपयांची चार नाणी. बाकी काही नाही.]

नमस्कार मंडळी. विषय पिस्तुलाचा आणि टेबलावर नाणी, असं का? तर परवाना नसताना एक जिवंत काडतूस घरात सापडलं तरी आपल्याकडे गुन्हा होतो. माझ्याकडे परवाना नाही. त्यामुळे आज नाण्यांवर भागवू.

हे दहाचं नाणं. वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. ९ एमएमची गोळी साधारण आठ ग्रॅमची असते. अख्खं काडतूस नाही हं, नळीतून बाहेर जाते ती नुसती गोळी. म्हणजे ९ एमएम बरोबर एक नाणं. .४५ ची गोळी पंधरा ग्रॅमची, म्हणजे ही दोन नाणी. आणि .२२ ची गोळी या एका नाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी.

मागच्या व्हिडिओखाली सगळ्यांचा एकच प्रश्न होता: सगळ्यात भारी कॅलिबर कोणतं? हा प्रश्न अमेरिकेत शंभरेक वर्षं चघळला जातोय. त्यात एक मजा आहे. माणसं नवीन कॅलिबर घेतात, कौतुक करतात, मित्रांना दाखवतात आणि काही वर्षांनी गुपचूप जुन्याकडे परत येतात. एकटेदुकटेच नाही, अख्खी एफबीआय अशी परत आलेली आहे. ती गोष्ट सांगतोच. त्याआधी थोडं गणित, घाबरू नका.

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीचा किंवा गोळीचा व्यास. .४५ म्हणजे इंचाचे शंभरातले पंचेचाळीस भाग. पण नावांवर फार विश्वास ठेवू नका. '.३८ स्पेशल' नावाच्या गोळीचा खरा व्यास .३५७ इंच आहे. नाव पडलं ते पितळी पुंगळीच्या, म्हणजे दारू भरलेल्या नळकांड्याच्या जाडीवरून. आणि '.३५७ मॅग्नम' या दुसऱ्या काडतुसाचीही गोळी तेवढीच. पुंगळी थोडी लांब, आतला जोर कितीतरी जास्त.

याचा परिणाम मजेशीर होतो. .३५७ च्या रिव्हॉल्वरमध्ये .३८ स्पेशलही चालतं. मग अमेरिकेतला माणूस हौसेने .३५७ घेतो, चार-सहा मॅग्नम उडवतो, मनगट चोळतो आणि पुढे वर्षानुवर्षं त्यात .३८ स्पेशलच भरतो. मॅग्नमचा डबा कपाटात. .३८ स्पेशल हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटचं आहे आणि अजून दुकानात मिळतं. आजचा सगळा विषय खरं तर या एका कपाटात आहे.

आता गणित. ९ एमएमची आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ३५० मीटर वेगाने जाते. .४५ ची पंधरा ग्रॅमची गोळी जाते साधारण २५५ मीटरने. दोघींची ऊर्जा काढली तर? दोन्हीकडे ४९० ज्यूलच्या जवळपास. जवळजवळ सारखी! मग .४५ वाले कसली फुशारकी मारतात?

आता हाताकडे या. गोळी पुढे जाते तेव्हा पिस्तूल मागे येतं, आणि तिथे ऊर्जेचा नाही, संवेगाचा हिशोब लागतो. वस्तुमान गुणिले वेग, नववीतलं. ९ एमएमचा येतो २.८, .४५ चा ३.८. पिस्तूल एक किलोचं धरा, दारूच्या वायूंचा भाग सोडून द्या. हातात येणारी ऊर्जा पहिल्यात चारेक ज्यूल, दुसऱ्यात सात. पुढे गेलं सारखंच, मागे आलं जवळजवळ दुप्पट. हा सौदा कुणाला परवडतो ते ज्याने त्याने ठरवावं.

.४५ च्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याच्या पुंगळीतला दाब कमी असतो. कमाल मर्यादा चौरस इंचाला २१ हजार पौंड. ९ एमएमची ३५ हजार. त्यामुळे .४५ चे भक्त म्हणतात की ते मारत नाही, ढकलतं. कुणी खांदा धरून मागे सारावं तसं. आणि गोळी आवाजापेक्षा हळू जाते, त्यामुळे तो कडक 'टाच्' होत नाही. हे प्रेम अगदीच आंधळं नाही.

त्याला इतिहासही आहे. अमेरिकन सैन्य फिलिपिन्समध्ये मोरो योद्ध्यांशी लढत होतं. हातात .३८ ची रिव्हॉल्वर, आणि तक्रार अशी की गोळ्या लागूनही माणूस अंगावर येतो. मग १९०४ मध्ये मृतदेहांवर आणि शिकागोच्या कत्तलखान्याच्या आवारात जनावरांवर चाचण्या झाल्या. आज वाचवत नाहीत, आणि शास्त्र म्हणूनही त्या तशा कच्च्याच. पण शिफारस आली की सैनिकाच्या हाती .४५ पेक्षा कमी नको. जॉन ब्राउनिंगने .४५ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल) काडतूस आणि त्याचं पिस्तूल घडवलं, १९११ मध्ये सैन्याने ते घेतलं आणि १९८५ पर्यंत तेच मुख्य पिस्तूल राहिलं. आजोबांनी, बापाने, मुलाने तेच वापरलेलं. अशा घरात ९ एमएमचं नाव काढणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन पांढरा रस्सा फिका लागतो म्हणण्यासारखं.

[नाणी बाजूला सरकवतो.]

आता एफबीआय.

११ एप्रिल १९८६, मायामी. आठ एजंट आणि समोर दोन बँक-दरोडेखोर. चकमक काही मिनिटांची. दोन एजंट ठार, पाच जखमी. दोन्ही दरोडेखोर शेवटी मारले गेले, पण चौकशीत एका गोळीवर सगळ्यांची नजर अडकली. सुरुवातीलाच एका एजंटची ९ एमएमची गोळी दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरली होती आणि हृदयाच्या अलीकडे थांबली होती. जखम जीवघेणीच होती, पण तो माणूस त्यानंतरही लढत राहिला. एजंट गेले ते त्यानंतर.

डावपेच, जागा, समोरच्याकडची रायफल, बऱ्याच गोष्टी चुकल्या होत्या. दोष मात्र मुख्यतः गोळीच्या माथी गेला. माझ्या मते तो अर्धाच खरा होता. पण त्यातून एक चांगलं काम झालं: मांसाच्या जागी जिलेटिनचा ठोकळा ठेवून त्यात गोळ्या मारून मोजायची ठरलेली पद्धत आली. गोळी किमान १२ इंच आणि जास्तीत जास्त १८ इंच आत जायला हवी. कपड्यातून, प्लायवूडमधून, गाडीच्या काचेतून जाऊनसुद्धा.

मग एफबीआयने १० एमएम निवडलं. दणदणीत काडतूस. इतकं की एजंटांना आवरेना. मग त्यातली दारू कमी केली. आता विचार करा, दारू कमी केली म्हणजे एवढी लांब पुंगळी निम्मी रिकामी! स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर या कंपन्यांनी १९९० मध्ये तीच पुंगळी आखूड करून नवं काडतूस आणलं, .४० एस अँड डब्ल्यू. ते ९ एमएमच्या आकाराच्या पिस्तुलात बसत होतं. १० एमएमवाले खवचटपणे म्हणायचे, एस आणि डब्ल्यू म्हणजे 'शॉर्ट' आणि 'वीक'. पण नव्वदच्या दशकात अमेरिकेतली पोलिसखाती धडाधड .४० कडे वळली. १९९७ मध्ये एफबीआयसुद्धा.

आणि इथून रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, कुरकुर सुरू झाली. .४० चा धक्का कसा, तर ढकलत नाही, झटका देतो. हलकं पिस्तूल, वरचा दाब, जड गोळी. नवख्यांचे नेम बिघडले, लहान हातांच्या एजंटांचे जास्त. दरम्यान गोळ्या बनवणाऱ्यांनी त्याच जिलेटिनच्या परीक्षेचा अभ्यास करून ९ एमएमची गोळी सुधारली. २०१४ मध्ये एफबीआयच्या प्रशिक्षण विभागाने आपली भूमिका लिहून काढली. सार असं की नव्या गोळ्यांनी पडणाऱ्या जखमांमध्ये ९, .४० आणि .४५ यांच्यात फरक करता येत नाही, आणि बहुतेक माणसं ९ एमएमने जास्त जलद आणि जास्त अचूक मारतात. त्यात एक आकडा होता, तो मला सगळ्यात बोलका वाटतो. प्रत्यक्ष चकमकीत पोलिसांच्या दहापैकी सात-आठ गोळ्या चुकतात.

सात-आठ! जी लागतच नाही ती दोन नाण्यांची असो की एका, काय फरक पडतो?

तर फिरून स्वारी जिथून निघाली तिथेच आली. अठ्ठावीस वर्षांनी.

नेम का चुकतो ते रेंजवर एका प्रशिक्षकाने दाखवलं होतं. तो नेमबाजाला न सांगता मॅगझिनमध्ये मधेच एक नकली काडतूस घालायचा. पोरगा नेम धरतो, चाप ओढतो, 'टक्' होतं, गोळी नाही. आणि पिस्तुलाचं तोंड? खाली झुकलेलं. धक्का आलाच नव्हता, हात मात्र आधीच त्याच्याशी झुंजून मोकळा. याला आपल्याकडे नेमबाज 'जर्क' म्हणतात. धक्का जितका मोठा तितकी ही खोड लवकर लागते आणि उशिरा जाते. ती घालवायला पुन्हा .२२ हातात देतात. म्हणून चाळीस वर्षं नेमबाजी केलेला माणूसही .२२ सोडत नाही.

शिवाय .२२ स्वस्त. बाकी काडतुसांच्या पुंगळ्या गोळा करून, पुन्हा दारू-टोपी भरून वापरणारे हौशी खूप आहेत. .२२ ची पुंगळी तशी पुन्हा भरता येत नाही, कारण तिचा पेट घेणारा मसाला कडेच्या घडीतच असतो. तरीही तिच्याइतकी स्वस्त दुसरी नाही. १८८७ पासून आहे ती. सेंटरफायरमध्ये, म्हणजे हा मसाला बुडाच्या मधोमध असतो त्या काडतुसांत, स्वस्त ती ९ एमएम, कारण नाटोपासून आपल्या लष्करापर्यंत सगळे तीच घेतात आणि कारखाने रात्रंदिवस ओततात.

क्रीडा-नेमबाजीत .२२ ची गंमत कळते. आपली कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकली, तो प्रकार .२२ चा. त्यात वेगवान फेरीत दर गोळीला तीन सेकंद मिळतात, आणि प्रत्येक वेळी हात खालून वर आणायचा. अंतिम फेरीत थायलंडच्या नेमबाजाशी ३४-३४ बरोबरी झाली आणि शूट-ऑफवर निकाल लागला. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये तर चार सेकंदांत पाच गोळ्या. लंडन ऑलिंपिकमधलं विजय कुमारचं रौप्य याच प्रकारातलं. तिथे २००४ पर्यंत .२२ शॉर्ट चालायचं, म्हणजे .२२ हूनही आखूड आणि मऊ. खेळाडूंनी धक्का इतका खाली नेला की शेवटी नियम बदलून सगळ्यांना नेहमीच्या .२२ वर, म्हणजे '.२२ लाँग रायफल' नावाच्या काडतुसावर आणावं लागलं.

[पुन्हा नाणी समोर.]

आता आपल्याकडचं. आपल्याकडे आवडतं कॅलिबर कायदा ठरवतो. ९ एमएम लष्कर-पोलिसांचं, म्हणून प्रतिबंधित बोअर. बोअर म्हणजे इथे कॅलिबरच. सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. .३८ चीही तीच गत. कारण इंग्रजांच्या काळातलं: सरकारी दारूगोळा चोरून खासगी बंदुकीत चालता कामा नये. परिणाम असा की परवान्यावरचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर म्हटलं की आपल्याकडे 'बत्तीस बोअर'.

पण बत्तीस बोअर दोन आहेत! कानपूरच्या सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्वर खातं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग. त्याची पुंगळी २३ मिलिमीटरची. आणि 'अशनी' पिस्तूल खातं .३२ एसीपी, पुंगळी १७ मिलिमीटरची. एकाचं दुसऱ्यासाठी घेऊ नका. नुसतं '.३२ द्या' म्हणणाऱ्याला चांगला दुकानदार विचारतोच, पिस्तूल की रिव्हॉल्वर?

अमेरिकेत .३२ ला आता म्हातारीचं काडतूस म्हणून हसतात. हसू देत. हेच .३२ लाँग, सपाट तोंडाची गोळी घालून, जगभरचे नेमबाज सेंटर फायर प्रकारात वापरतात. कागदाला पंचिंग मशीनसारखं गोल, स्वच्छ भोक पडतं, गुण मोजताना वाद नाही. जसपाल राणाने १९९४ मध्ये हिरोशिमात आणि २००६ मध्ये दोहात सुवर्ण जिंकलं, ते याच सेंटर फायर प्रकारात.

.४० चं काय झालं, हे विचारणार तुम्ही. मेलं नाही ते. अमेरिकेतल्या धावत-पळत नेमबाजीच्या स्पर्धांत गोळीचं वजन ग्रेन या छोट्या एककात आणि वेग सेकंदाला फुटांत घेऊन गुणाकार करतात, हजाराने भागतात. १६५ किंवा त्याच्या वर गेलात तर 'मेजर', आणि गोळी निशाणाच्या मधल्या भागाबाहेर लागली तरी एक गुण जास्त मिळतो. काही गटांत 'मेजर'साठी किमान .४० लागतं. १८० ग्रेनची गोळी, ९२५ फूट वेग, झाले १६६.५. त्या एका नियमापायी काही लोक अजून .४० ला धरून आहेत, आणि माझ्या मते ते पूर्ण शहाणे आहेत.

.३५७ सिग नावाचं आणखी एक काडतूस आणि १० एमएमचं पुनरागमन यावर वेगळा व्हिडिओ करतो. खाली लिहा, आधी कोणतं हवं.

[नाणी खिशात टाकतो.]

ही चाळीस रुपयांची. खालच्या टपरीवाल्याला चहाचे द्यायचेत. तो दहाची नाणी घेत नाही, पण आज बघू.