खड्डा कोणी खोदला?

(नागपुरात पालक आणि ज्युनिअर कॉलेजच्या शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मागच्या रांगेतले पुढे या, कूलरचा आवाज आहे, तिथे नीट ऐकू येणार नाही.

मी बरीच वर्षं पेपरच्या डेस्कवर होते, आता अकरावी-बारावीच्या मुलांना पत्रकारिता शिकवते, ऐच्छिक विषय म्हणून. आमच्या वर्गातल्या महाल भागात राहणाऱ्या एका मुलीनं पहिली बातमी लिहून आणली, 'आमच्या गल्लीत रस्ता खोदण्यात आला असून नागरिकांची गैरसोय होत आहे.' अगदी पेपरातल्यासारखं वाक्य. मी विचारलं, कोणी खोदला? म्हणाली, मॅडम, खोदण्यात आला. अगं हो, पण कोणी? कधी? गैरसोय झालेल्या एका तरी माणसाचं नाव सांग. गप्प. म्हटलं जा, विचारून ये.

तीन दिवसांनी आली तेव्हा वहीची चार पानं भरली होती. खड्ड्यासमोर एका काकांचा तर्री पोह्याचा ठेला आहे, ते म्हणाले पाइपलाइनसाठी खोदला, अकरा दिवस झाले, प्लेट घेऊन उभं राहायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक पलीकडच्या चौकात जातं. आणि खड्ड्याशेजारीच कामाचा बोर्ड होता, इंग्रजीत, त्यावर ठेकेदाराचं नाव आणि काम संपायची तारीख, आणि ती तारीख कधीच उलटून गेली होती. रोज त्या बोर्डासमोरून कॉलेजला येत होती हो ती, पण वाचला नव्हता. 'कम्प्लीशन' शब्द अडला, डिक्शनरीत पाहिला. आता तो शब्द ती विसरणार नाही, कारण तो तिला एका खऱ्या कामासाठी लागला.

मला आज एवढंच सांगायचंय की पत्रकारिता, वाचन आणि इंग्रजी असे तीन वेगळे डबे करू नका. त्या खड्ड्यापाशी ते तिन्ही एकत्रच होते.

आपण इंग्रजीत पॅसिव्ह व्हॉइस कसा शिकवतो बघा. 'दे डग द रोड'चं 'द रोड वॉज डग' केलं की एक मार्क. मूल वर्षानुवर्षं हे करतं आणि त्याला कोणी सांगतच नाही की 'दे' गेले कुठे! कर्ता वाक्यातून गेला की जबाबदारीही गेली. सरकारी मराठीचंही तेच, 'कार्यवाही करण्यात येत आहे', 'चौकशीचे आदेश देण्यात आले आहेत'. आमच्या वर्गात मुलं आता दोन्ही भाषांमधली अशी वाक्यं शोधून आणतात आणि हरवलेला कर्ता शोधतात, आणि मी शपथेवर सांगते, व्हॉइसचं व्याकरण त्यांना ज्या दिवशी कळलं तो व्याकरणाच्या तासाचा दिवस नव्हता.

दुसरं, आपल्या बोर्डाच्या बारावीच्या इंग्रजीत मुलाखतीचे प्रश्न तयार करायला सांगतात. चांगली गोष्ट आहे. पण प्रश्न कागदावर राहतात, कोणी विचारायला जात नाही, उत्तर येत नाही. आणि मुलाखतीत खरा प्रश्न दुसरा असतो, जो पहिल्या उत्तरातून निघतो. दहा प्रश्न आधीच लिहून ठेवलेलं मूल समोरच्याचं ऐकतच नाही, त्याचं लक्ष पुढच्या नंबरला काय विचारायचं इकडे असतं. ऐकणं हेही भाषेचंच कौशल्य आहे ना?

पालकांची भीती मला माहितीये, 'मॅडम, आमचा पोट्टा इंग्लिशमध्ये कच्चा आहे, त्याला हा विषय झेपेल का?' त्यांना मी दर्पणबद्दल सांगते. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत दर्पण काढलं, मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र, आणि त्यात एका पानावर दोन स्तंभ असायचे, एक मराठी, एक इंग्रजी. म्हणजे आपल्या पत्रकारितेची सुरुवातच दोन भाषा शेजारी शेजारी ठेवून झाली. मी तेच करते, मूल आधी मराठीत लिहितं, ज्याच्याशी बोललं त्याला वाचून दाखवतं, मगच इंग्रजी. आणि वाचनासाठी वेगळी यादी देत नाही, एकच घटना मराठी पेपरात आणि हितवाद या इंग्रजी पेपरात, जो १९११ पासून आपल्या नागपुरात निघतोय, शेजारी ठेवून वाचायची, कोणी काय गाळलं ते लिहायचं. हेडिंग वेगळं का, पहिल्या वाक्यात कोणाला बसवलं, यावर पोरं तासभर भांडतात.

सीबीएसईला अकरावी-बारावीत मास मीडिया स्टडीज घेता येतं, इंग्लिश इलेक्टिव्ह हा इंग्लिश कोअरहून वेगळा विषयही आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं आर्ट्स, सायन्स, व्होकेशनल यांच्यातल्या भिंती कमी करा असं म्हटलंय. तरी ॲडमिशनच्या वेळी विषयाबद्दल पहिला प्रश्न येतो तो 'स्कोअरिंग आहे का?' याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता प्राचार्यांना वाटणारी काळजी. मुलं उद्या आपल्याबद्दलच लिहितील! लिहितील. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पिट्सबर्ग हायस्कूलच्या विद्यार्थी-पत्रकारांनी २०१७ मध्ये नव्यानं नेमलेल्या प्राचार्यांच्या पदव्या तपासल्या, जिथून पदवी घेतल्याचं सांगितलं होतं त्या संस्थेची मान्यता त्यांना कुठे सापडेना, त्यांनी ते छापलं आणि काम सुरू होण्याआधीच राजीनामा आला. तिथेही हे सहज नव्हतं, १९८८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं हेझलवूडच्या खटल्यात शाळेच्या पेपरमधला मजकूर काढायचा बराच अधिकार शाळेला दिला होता, आणि कॅन्ससनं १९९२ मध्ये कायदा करून विद्यार्थी-पत्रकारांना संरक्षण दिलं. पण त्या मुलांनी छापण्याआधी फोन केले, कागद पाहिले, समोरच्याला विचारलं. तेच शिकवायचंय. ज्याला पडताळून पाहायला शिकवलंय त्या मुलाची कसली भीती?

म्हणून माझी मागणी साधी आहे. हा विषय टाइमटेबलात शेवटच्या एका तासात कोंबू नका. पस्तीस मिनिटांत मूल बर्डीच्या बाजारात जाऊन, एका माणसाशी धड बोलून परत येऊ शकत नाही. आठवड्यातून एकदा दोन तास जोडून द्या, जेवणाच्या सुट्टीच्या आधीचे, म्हणजे उशीर झाला तर सुट्टीही वापरता येते, आणि उन्हाळ्यात सकाळचे. बरोबर एक शिक्षक जाऊ द्या. पालकांनी संमतीपत्रावर सही करून द्या. फोटोकॉपी आणि दोन पेपरांच्या अंकांपलीकडे फारसा खर्च नाही, तो हिशोब मी लिहून आणलाय, जाताना घेऊन जा.